हिरव्या चाफ्याचं कूळ

दोनशेहून अधिक शोधनिबंध.

डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी कुठेही चार ओळी छापून आल्या, की हा आकडा त्यांत असतो; पद्मभूषणच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे, अर्ध्या वाक्यात. वाचणारा पुढे सरकतो. माझं पाऊल मात्र तिथं अडतं. दोनशे निबंध म्हणजे दोनशे वेळा कोऱ्या कागदावर टेकवलेलं पहिलं वाक्य. टंकलेखन यंत्राच्या रुळावर सरळ करून बसवलेला कार्बन. सुट्टीच्या सकाळीही पिंजऱ्यांपाशी जाऊन उंदरांच्या अंगावरून हळूच फिरवलेलं बोट, कारण वाढणारी गाठ सुट्टी पाळत नाही. हवाई टपालानं सातासमुद्रापार धाडलेलं हस्तलिखित आणि मग महिनोन्महिने पाहिलेली पोस्टमनची वाट. आणि या सगळ्याच्या तळाशी, सूक्ष्मदर्शकाच्या गोल उजेडात, पापणी न हलवता मोजलेल्या पेशी, शंभर, दीडशे, दोनशे, आणि मधेच मनात शंका आली म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

आकडा लहानच आहे. त्यामागचं जागरण मोजता येत नाही.

ही मुलगी पुण्याची. कमल समर्थ. जन्म 8 नोव्हेंबर 1917 चा. नोव्हेंबरातलं पुणं कसं असतं ते पुणेकराला सांगायला नको: पाऊस पुरता सरलेला, टेकड्यांवरचं गवत सोनेरी व्हायला लागलेलं, सकाळच्या उन्हातली धार गेलेली, आणि हवेत असा एक निवांतपणा, की वाटावं, आज एखादी गोष्ट नीट बघावी, शेवटपर्यंत बघावी. तिचे वडील दिनेश दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. ज्या घरात पानाच्या शिरा आणि बेडकाचं हृदय हे विषय जेवताना निघत असणार, त्या घरातली ही लेक 1884 साली सुरू झालेल्या हुजूरपागेत शिकली, फर्ग्युसनमध्ये वनस्पती आणि प्राणी दोन्ही शिकली. वडिलांच्या मनात होतं, मुलीनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरशी लग्न करावं. तिनं 1939 च्या मे महिन्यात गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न केलं, आणि शिकणं चालूच ठेवलं.

त्यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. 1943 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम. एस्सी. केली, ती ॲनोनेसी या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रांवर. नाव परकं वाटतं. पण या कुळातली माणसं आपल्या ओळखीची आहेत, अगदी घरातली आहेत. सीताफळ. रामफळ. बंगल्यांच्या कुंपणाशी सरळसोट उभा असणारा, मान खाली घातलेल्या पानांचा तो खोटा अशोक. आणि हिरवा चाफा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सासवडकडची सीताफळं मंडईत येतात. टोपलीतल्या फळांवरून विकणारी बाई अलगद हात फिरवते आणि डोळे उघडलेलं फळ बाजूला काढून देते. ते फोडावं, पांढरा गर ओठांनी सोडवावा, आणि जिभेवर उरलेली काळी, गुळगुळीत बी तळहातावर घ्यावी. या बीतून उगवणाऱ्या झाडाच्या प्रत्येक पेशीत 14 गुणसूत्रं असतात. ती एरवी दिसत नाहीत. पेशी दुभंगू लागते, तेवढ्याच वेळेपुरती ती आवळून येतात, रंग धरतात, रांगेत उभी राहतात आणि दोन दिशांना निघून जातात. त्या काळातला अभ्यासक मुळाचं कोवळं टोक कापून मेणात बसवी, मायक्रोटोमच्या पात्यानं त्याचे काप काढी, इतके पातळ की श्वासानं उडावेत. काचेवर रंग चढवी, आणि मग हजारो झोपलेल्या पेशींतून नेमकी ती एक शोधी, जी दुभंगता दुभंगता थांबली आहे. सापडली, की कॅमेरा ल्युसिडाच्या आरशातून कागदावर उतरणाऱ्या तिच्या छायेवरून पेन्सिल फिरवायची. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या त्या घुमटाच्या दगडी इमारतीत, बाहेर दुसऱ्या महायुद्धाची वर्षं चाललेली असताना, पंचविशीतली एक बाई एक पेशी दोन कशी होते ते बघत होती.

पुढे जन्मभर त्या पेशींच्या दुभंगण्याकडेच बघत राहिल्या. फक्त या पेशी थांबायचं विसरलेल्या होत्या.

मुंबईला बिऱ्हाड गेल्यावर त्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली आल्या. खानोलकर गोव्याकडचे, विकृतिशास्त्रातले भीष्मपितामह. आपल्या माणसांचा कर्करोग आपल्या माणसांच्या सवयींतून वाचायचा, ही त्यांची दृष्टी. 1945 साली त्यांनी आणि सूर्याबाईंनी लिहिलेल्या निबंधात कमरेच्या कर्करोगाची नोंद आहे, धोतराची गाठ वर्षानुवर्षं जिथं काचते तिथं होणाऱ्या. मला हा निबंध नुसता आठवला तरी अंगावर काटा येतो. रोज पहाटे त्याच जागी मारलेली गाठ, आजोबांच्या कमरेवर असतो तो काळसर वळ, आणि त्या वळाकडे प्रेमानं, शंकेनं, थांबून बघणारा कुणीतरी. याच गुरूकडे रणदिवेबाई 1949 मध्ये पीएच. डी. झाल्या, आणि मग बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकायला गेल्या.

इथं मला थोडं रेंगाळायचं आहे. हे गाय म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या नळीत, माणसाच्या पेशी जिवंत ठेवण्याच्या ध्यासानं झपाटलेला माणूस. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय तरुण आईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी त्यांच्याकडे आल्या आणि मेल्याच नाहीत. आई त्याच ऑक्टोबरात गेली. पेशी वाढत राहिल्या, वाढत आहेत. गाय यांनी त्या मागेल त्याला दिल्या. आणि त्यांच्याविषयी गाय यांनी छापलं ते काय? 1952 मधलं एका परिषदेतलं लहानसं टिपण. गाय मुळात फार कमी लिहीत. हेला नावानं ओळखल्या जाणाऱ्या या पेशींवर जगानं नंतर हजारो निबंध लिहिले, त्यांवर कितीतरी मोठाली नावं उभी राहिली. ज्या बाईच्या देहातून त्या आल्या तिला ठाऊकही नव्हतं, आणि तिचं खरं नाव जगाला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. निबंधांच्या यादीत गाय यांची बाजू तोकडीच दिसेल. हेन्रिएटाची तर यादीच नाही.

तिथून परतून रणदिवेबाईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पुढे ही विद्या त्यांच्या जन्मगावीही आली. आज पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात देशभरच्या संशोधकांना पुरवायच्या पेशी उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये निजवून ठेवलेल्या असतात; हेन्रिएटाच्याही. वडाच्या पारंब्यांखालून जाणाऱ्या त्या रस्त्यानं जाताना, भर उन्हात, मला त्या थंडीची जाणीव होते. एका आईच्या शरीराचा तुकडा इथं, गणेशखिंडीत, जागा होण्याची वाट पाहत असतो.

अशा कामाचं वजन कोणत्या तराजूत घालायचं?

1964 साली, रणदिवेबाईंना कुष्ठरोगाच्या जंतूवरील कामासाठी वाटुमल पारितोषिक मिळालं, त्याच वर्षी अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांची सायन्स सायटेशन इंडेक्स निघाली. कुणी कुणाचा संदर्भ दिला, याची ती वही. ग्रंथालयात विषय शोधायला मदत व्हावी म्हणून निघालेली ती वही पुढे माणसं तोलायला वापरली जाऊ लागली. 2005 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हर्ष यांनी एच-इंडेक्स सुचवला: तुमच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले, तर तुमचा आकडा वीस. आता पुण्यातल्या कुठल्याही तरुण संशोधकाला त्याचा आकडा पाठ असतो. नेमणूक त्यावर, बढती त्यावर, अनुदान त्यावर. मी या मुलामुलींना जवळून पाहते. त्यांच्या डोळ्यांखालची वर्तुळं खरी आहेत, आकड्याची धास्ती खरी आहे, आणि कधीतरी रात्री अकराला प्रयोगशाळेच्या पायरीवर चहा पिताना त्यांच्या आवाजात जो उजेड येतो, "आज ते बँड दिसले" असं म्हणताना, तोही खरा आहे. तो उजेड कुठल्याच वहीत चढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रणदिवेबाईंचं पुष्कळसं लेखन त्या वहीच्या आधीचं. काही भारतीय पत्रिकांमधलं, जिथवर त्या वहीची नजर नीट पोचली नाही. आज त्यांचं नाव टाकून संगणकाला आकडा विचारला, तर तो जे सांगेल ते त्यांच्या कामाच्या मानानं फिकंच असणार. हिरव्या चाफ्याचं असंच असतं. संध्याकाळी अंगणात पाऊल टाकलं की वास येतो, पिकल्या फळांसारखा, घमघमणारा. फूल शोधायला जावं तर पानांचाच रंग घेऊन पानांत बसलेलं, हाताला लागत नाही. वास मात्र शेजारच्या घरापर्यंत गेलेला असतो.

पानटपरीसमोर उभी राहिले की मला तो वास येतो.

म्हणजे असं: हॅमस्टर नावाचा उंदरासारखा प्राणी गालांत पिशव्या घेऊन जन्मतो. मिळेल तो दाणा त्यांत साठवतो, गाल फुगवून बिळाकडे धावतो. माणसानं गालात विडा धरावा, तंबाखूची गोळी धरावी, सुपारीचं खांड तासन्‌तास घोळवावं, तीच ही जागा. रणदिवेबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी-तंबाखूचे घटक प्रयोगातल्या प्राण्यांवर तपासले. 1976 मध्ये आणि पुन्हा 1979 मध्ये त्यांचे निबंध 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये आले. दुसरा तर सरळ विड्यावर आणि तोंडाच्या कर्करोगावरच होता, हॅमस्टरवरच्या प्रयोगांचा. आपल्याकडे विडा म्हणजे मंगलकार्य, विडा म्हणजे मान, सुपारी म्हणजे तर पाटावर मांडलेला गणपती. त्या सुपारीकडे संशयानं बघायला धैर्य लागतं, आणि त्याहून जास्त, त्या माणसांविषयी माया लागते ज्यांच्या गालात ती आहे. 2004 मध्ये लियोंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात तंबाखूविना सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवते असं निःसंदिग्धपणे नोंदवलं गेलं, आणि त्या ग्रंथाच्या संदर्भांत हे दोन निबंध आहेत. बाई 11 एप्रिल 2001 लाच गेल्या होत्या. 2012 च्या जुलैत महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. या सगळ्याचं श्रेय एका व्यक्तीला देणं खोटं होईल. किती देशांतल्या किती प्रयोगशाळांचे किती हात त्यामागे आहेत. पण टपरीच्या पाटीवरचा इशारा आणि पाकिटावरचं ते भेसूर चित्र बघताना मला वाटतं, हाही एक संदर्भच आहे, लेखकाचं नाव गळून पडलेला.

कुष्ठरोगाचंही तसंच. 1958 मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या शरीरातून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचं लिहिलं. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणू लागले. त्यातून पुढे डॉ. माधव देव यांच्या प्रयत्नांनी लस आली, आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत तिनं सुमारे 65 टक्के संरक्षण दिलं. चाळीस वर्षं लागली एका निबंधाचा गुण माणसाच्या दंडावर सिद्ध व्हायला. कुठलं वार्षिक मूल्यमापन चाळीस वर्षं थांबतं?

आणि जे निबंधांत कधीच येणार नव्हतं, ते. 1973 मध्ये अकरा सहकाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. आज वाशीला तिच्या वास्तूत नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. त्या पाळणाघरात बाळ सोपवून, पदर सावरत, लोकल पकडून एखादी मुलगी सूक्ष्मदर्शकापाशी वेळेत पोचली असेल आणि त्या दिवशी तिला काही दिसलं असेल, तर त्या निबंधात रणदिवेबाईंचं नाव कोण घालणार? निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात गेल्या. काचेवरची पेशी आणि झोपडीतलं किडकिडीत मूल, दोन्हीकडे त्या त्याच नजरेनं बघत असाव्यात असं मला वाटतं.

आता त्या पिंजऱ्यांतल्या उंदरांविषयी. हे लिहिताना माझा हात जरा जड होतो.

1936 साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवलं, की उंदरांच्या काही वंशांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून लेकींकडे जातो. पिल्लं जन्मताच दुसऱ्या, निरोगी वंशातल्या आईच्या कुशीत ठेवली, तर पुष्कळशी वाचतात. दुधातला तो घटक विषाणू असल्याचं मागाहून कळलं. माणसात हे असं नाही. बाळाला पाजल्यानं आईचा धोका उलट कमीच होतो. पण रणदिवेबाईंनी स्तनाच्या कर्करोगाचा माग काढला तो याच वाटेनं: वंशाकडून काय येतं, संप्रेरकांमुळे काय होतं, विषाणू काय करतो, आणि हे तिन्ही धागे एकत्र कुठे गाठ मारतात. या धाग्यांकडे एकत्र बघणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. मी डोळे मिटते आणि मला मुंबईत परळच्या त्या प्रयोगशाळेतला लाकडी भुसा दिसतो, त्यात गुलाबी, आंधळी, बोटाच्या पेराएवढी पिल्लं, आणि त्यांना एका आईपासून उचलून दुसरीकडे नेणारा एक बाईचा हात.

माझी आत्याही हुजूरपागेतच शिकलेली. सदाशिव पेठेतल्या वाड्यात, मागच्या खोलीत, कपाटाच्या आरशासमोर उभं राहून वेणी घालताना तिच्या हाताला काखेखाली काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं. दुखत नव्हतं. ती वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारी बाई, आम्हा भाचरांची गणितं सोडवून देणारी, बँकेत एकटीनं जाणारी. पण हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी कुणाला, आणि कोणत्या शब्दांत? दिवाळी झाली, चैत्रगौर झाली, घरातली लग्नं झाली. ती सगळ्यांच्या पानात वाढत राहिली, आणि आम्ही तिच्या हातचं खात राहिलो. कळलं तेव्हा गाठ एकटी राहिली नव्हती. शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसत असे. ती म्हणाली, "दुखलं असतं ना, तर बोलले असते ग." एवढंच.

ती गेल्यावर कितीतरी दिवसांनी मी रणदिवेबाईंविषयी वाचलं, आणि ग्रंथालयातल्या लांबट टेबलाशी मला रडू आलं. त्याच शाळेच्या फाटकातून, काही वर्षांच्या अंतरानं, दोन मुली बाहेर पडल्या होत्या. एकीनं त्या गाठीविषयी जगाला लिहून लिहून सांगितलं. दुसरीपर्यंत त्यातलं एक अक्षर आलं नाही. दोष कुणाचा नाही. बाल्टिमोर ते परळ हा प्रवास त्या शब्दांनी केला होता, परळ ते लियों हाही केला होता. परळ ते सदाशिव पेठ, मागची खोली, कपाटाचा आरसा, एवढा तुकडा राहिला होता. तो पत्रिकेनं कापायचा नसतोच. तो घरातल्या माणसांनी कापायचा असतो, बोलून.

8 नोव्हेंबर 2021 ला, त्यांच्या 104 व्या जन्मदिवशी, गुगलनं आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं होतं. दिवसभर लोकांनी ते एकमेकांना पाठवलं, पुणेकरांनी जरा जास्तच अभिमानानं. दुसऱ्या दिवशी चित्र बदललं. माझी कुणाविषयी तक्रार नाही. पण त्या बाईंचं स्मरण करायचंच असेल, तर माझी एक विनंती आहे, विशेषतः ज्यांना घरात ताई, काकू, मावशी, आत्या म्हणतात त्यांना. स्वतःला तपासा. हाताला गाठ लागली, त्वचेला खळी पडलेली दिसली, स्तनाग्र आत ओढलेलं वाटलं, तर सण-समारंभ व्हायची वाट बघू नका. दुखत नाही म्हणून तर मुळीच थांबू नका. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही. घरातल्या कुणाला तरी आजच्या आज सांगा, आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.